अंधारातलं रुखवत

"तुझं रुखवत बघायला पंगतीतनं एक जरी माणूस उठला ना, तर मी भर कार्यालयात माइक हातात घेऊन तुझ्या नावानं उखाणा घेईन," मी म्हणाले.

सरूच्या गच्चीवर आम्ही चौघी कुरडया घालत होतो. मी, सरू, शिलाईवाली नसीमभाभी आणि ती अपूर्वा. अपूर्वा गल्लीत येऊन आठ महिने झाले होते. नवरा बँकेत, बदली होऊन जयसिंगपूरला आलेला. पोरगी तिशीतली, केस कापलेले, बोलणं गोड.

"माझ्या नावानं?" ती हसली. "उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात ना, काकू?"

"चौगुल्यांचं नाव पंचवीस वर्षं घेतेय, त्यांच्यात काही फरक पडला नाही. तुझं घेऊन बघते."

"आणि कुणीच नाही उठलं तर?"

"तर तू घ्यायचा, माझ्या नावानं. आणि इंदाक्कासारखं रुखवत जगात कुणाला जमत नाही, हे त्यात आलं पाहिजे."

नसीमभाभीनं सोऱ्या खाली ठेवला. पैज म्हटलं की ती लगेच पंच व्हायची. "उठणार म्हंजे कसं? जेवून, हात धुवून गेला तर धरायचं नाही. ताट पुढ्यात असताना उठला पाहिजे."

"मान्य," अपूर्वा म्हणाली.

"जेवणारी माणसं उठवायची नसतात," सरू म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "माझ्या लेकीच्या लग्नात असल्या पैजा नकोत."

"लागली की आता," मी म्हणाले आणि चिकाचा गोळा सोऱ्यात कोंबला.

चौदा वर्षं झाली याला. आमच्याकडं मुलीकडचे लोक लग्नात रुखवत मांडतात. सुपारीचे गणपती, नारळाची नवरानवरी, मण्यांचं तुळशीवृंदावन, सगळं हातानं केलेलं. आणि खरं सांगते, ते कुणी बघत नाही. अक्षता पडल्या की माणूस जेवणाकडं पळतो. जाता जाता एखादी आत्या थांबते, नारळाच्या नवरीचं नाक ओढून बघते आणि पुढं जाते. त्यामुळं पैज माझ्या खिशातच होती.

पण आमच्या गल्लीत रुखवत म्हटलं की इंदाक्का. वीस वर्षं. माझं रुखवत तेवढं लोक लक्षात ठेवायचे, कारण त्यात काहीतरी गोम असायची. एका लग्नात मी बेसनाच्या लाडवांची चळत मांडली होती, त्यातले खालचे खरे आणि वरचे चार साबणाचे. वरपक्षाच्या मामांनी एक उचलला. बिचारे भले माणूस, पाहुण्यांसमोर थुंकायचं कसं म्हणून गिळला. पुढची दोन वर्षं ते मला बाजारात बघून रस्ता बदलायचे.

आणि सरूच्या श्रुतीचं रुखवत मी करायचं, हे श्रुती बालवाडीत होती तेव्हाचं ठरलेलं. कुणी ठरवलं म्हणाल तर मीच. सरूचं घर आणि माझं घर यांच्यात एक भिंत. सरूला काही पाहिजे असलं की ती भिंतीवर लाटण्यानं दोनदा वाजवायची, आणि मी हातातलं टाकून जायची. मला दोन मुलगे. श्रुतीच्या वेण्या मी घातल्या, तिची पहिली साडी मी नेसवली. तिच्या रुखवतासाठी माझ्या पलंगाखाली एक ट्रंक भरलेली होती: मणी, टिकल्या, लोकर, जरीचे काठ.

पण त्या कुरडयांच्या दोनेक महिने आधी एक दिवस अपूर्वाच्या घरी कुरियरनं एक खोकं आलं.

त्यात पावडर होती, पांढुरकी, पिवळसर, जुन्या पिठासारखी. दुपारी दोन वाजता अपूर्वा ती बरणीत घेऊन सरूकडं आली. "काकू, गोधडी आहे का? जाडसर?"

मी तिथंच बसले होते, वाटाणे सोलत. सरूनं गोधडी काढून दिली. अपूर्वानं बरणी खिडकीत दोन मिनिटं उन्हात धरली, मग ती, सरू, श्रुती आणि नसीमभाभी अशा चौघी गोधडीखाली डोकं घालून बसल्या. बाहेर नुसते चार पार्श्वभाग दिसत होते. आतनं आवाज येत होते.

"अगं बाई."

"या अल्ला, हिरवं हिरवं."

"इंदे, ये की आत, बघ तरी," सरू आतून म्हणाली.

"वाटाणे कोण सोलणार?" मी म्हणाले.

"हे रेडियम हाय का?" नसीमभाभीनं विचारलं.

"नाही हो, रेडियम नाही," अपूर्वा बाहेर येत म्हणाली. केस विस्कटलेले, तोंड लाल. "ही उजेड पिते आणि अंधारात परत सोडते. उन्हात ठेवली की झालं. फक्त पाण्यात कालवायची नाही, गुठळ्या होतात. आणि रंगातही नाही, रंगाखाली उजेड पोचत नाही तिला. पारदर्शक वॉर्निशमध्ये मिसळायची, खाली पांढरा हात मारायचा, त्यावर ही."

श्रुतीचं तोंड अजून गोधडीतच होतं. ती आतूनच म्हणाली, "आई, माझं रुखवत असलं पाहिजे. अंधारातलं."

मी शेंग सोलली. सरूनं माझ्याकडं बघितलं. "इंदे, तुझं पण ठेवू की. एका टेबलावर तुझं, एका खोलीत हे."

तुझं पण. एवढा एकच शब्द होता, 'पण', आणि तो मला रात्री जेवताना, भांडी घासताना, चौगुल्यांचे पाय चेपताना ऐकू येत राहिला.

त्या दिवसापासून माझे कान भिंतीला लागले. लाटण्याचा आवाज यायचा बंद झाला असं नाही, यायचा, पण आठवड्यातनं दोनदा. मधल्या वेळात पलीकडनं हसण्याचा आवाज यायचा. अपूर्वा पिस्त्याच्या टरफलांची वरात करत होती. टरफलाची पोटं, टरफलाच्या टोप्या, बँडवाले, घोडा, घोड्यावर नवरदेव, आणि डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया. साठ माणसं. ही सगळी सरूच्या जेवणाच्या टेबलावर. सरू वॉर्निश ढवळून द्यायची. पूर्वी माझ्यासाठी लोकर गुंडाळायला मागितली तर तिचे डोळे दुखायचे.

आणि अपूर्वाचा राग यावा तर तोही नीट येईना. मेली इतकी चांगली. एके दिवशी माझ्याच दारात आली. "इंदुकाकू, तुमच्यासाठी थोडी पावडर आणलीय. तुम्ही कराल काहीतरी भन्नाट, मला माहितीये." चुन्याच्या डबीत भरून दिली होती.

मला काय, मी केलं. नारळाची नवरानवरी होतीच तयार. रुखवत म्हटलं की लाल, हिरवं, सोनेरी पाहिजे, म्हणून मी ती पावडर लाल ऑइलपेंटमध्ये ढवळली. नवऱ्याच्या फेट्यासाठी जरा घट्ट पाहिजे होतं, तिथं मैद्याची खळ केली आणि उरलेली त्यात टाकली. वीस वर्षं मी सगळं खळीनंच चिकटवत आले, कधी काही सुटलं नाही. दिवसभर उन्हात वाळवलं. संध्याकाळी बाथरूमची खिडकी पोत्यानं बंद केली आणि चौगुल्यांना नवरानवरी हातात देऊन आत बसवलं.

"दिसतंय का?" मी बाहेरून विचारलं.

"नाही."

"डोळे सरावू द्या."

पाच मिनिटं गेली. "इंदू," आतून आवाज आला, "एक झुरळ आहे. मी बाहेर येऊ का?"

"झुरळ दिसलं का?"

"जाणवलं."

फेट्याला सकाळी गुठळ्या आल्या होत्या, गोवर आल्यासारख्या. मी ती डबी उचलून पेरूच्या झाडाखाली पालथी केली. चौगुले म्हणाले, तिनं सांगितलं होतं तसं केलंस का? मी म्हणाले, तिनं मुद्दाम शिळी दिली. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

लग्न वैशाखात, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. कार्यालय स्टेशन रोडला. तिथं कोठीची खोली होती, तांदळाची पोती ठेवायची, एकही खिडकी नाही. अपूर्वानं ती झाडून घेतली, आत टेबल लावलं, दाराला मांडववाल्याचा काळा पडदा. वरातीची दोन लांब फळ्यांवर मांडणी केलेली, वर काळं कापड टाकून आणलेली, येताना कुणी बघू नये म्हणून. बेत असा होता, सकाळी गच्चीवर उन्हात उघडी ठेवायची, एक वाजता पोरांनी पुन्हा झाकून खाली कोठीत न्यायची, आणि पंगत भरात आली की माइकवर सांगायचं.

साडेआठ वाजता अपूर्वा माझ्याकडं पळत आली. हातात श्रुतीचे गजरे, तोंडात आकडे. "काकू, मला श्रुतीचे केस बांधायचेत. तुम्ही एवढं कराल? फळ्या गच्चीवर नेल्यात पोरांनी. फक्त वरचं कापड काढायचं. दुसरं काही नाही."

"एवढंच ना," मी म्हणाले.

माझं टेबल स्टेजजवळ मांडून झालं होतं. नवरानवरी, लाल फेटा, गुठळ्यांवर मी टिकल्या लावल्या होत्या. त्या टेबलासमोर सकाळपासून एकच माणूस थांबला होता, त्याला चप्पल कुठं काढायची ते पाहिजे होतं.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. फळ्या टाकीशेजारी, वर काळं कापड, कडेनं विटा ठेवलेल्या. मी एक वीट उचलली. कापडाचा कोपरा वर केला. खाली एक बाई दिसली, एवढीशी, बोटाच्या पेराएवढी, डोक्यावर दिवा घेतलेली. पिस्त्याच्या टरफलाला पदर केला होता आणि पदराला काठ. तो काठ माझ्या ट्रंकेतला होता. जरीचा. सरूनं माझ्याकडनं नेला होता, "दे गं थोडा, ब्लाउजला लावते" म्हणून.

मी कोपरा खाली सोडला आणि वीट जिथली तिथं ठेवली. मग जिन्यानं खाली आले आणि पाहुण्यांना पन्हं द्यायला लागले. सगळ्यांना हसवत होते. वरपक्षाचा एक जण म्हणाला, तुमच्यासारखी बाई मांडवात पाहिजे.

लग्न लागलं. सरू आणि तिचा नवरा सकाळी आठपासून विधीला बसलेले, कन्यादानाचा उपास, जागचे हललेले नाहीत. अक्षता पडल्या तेव्हा सरूनं मला शोधलं. मला वाटलं, आता म्हणेल, इंदे, वाढायला लाग, घरचं कुणी पाहिजे. ती म्हणाली, "इंदे, तू पहिल्या पंगतीला बसून घे. सकाळपासून उभी आहेस." आणि वळून म्हणाली, "अपू, ताटं मोजलीस का गं?"

मी बसले. पाहुण्यासारखी, पाटावर, ताटाभोवती रांगोळी. एका बाजूला नसीमभाभी. समोर नवरानवरीचं ताट, तिथं दस्तगीर व्हिडिओवाला त्याचा मोठा लाइट घेऊन उभा, त्याचा पोर वायर धरून. श्रुतीच्या हातात माइक दिलेला, घास भरवायचा आणि उखाणा घ्यायचा म्हणून. वरण पडलं, भात पडला, मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी.

"एक पण उठला नाही," नसीमभाभी माझ्या कानात म्हणाली. "अपूर्वा हरतीय बघ."

"बघू या की," मी म्हणाले आणि भात कालवला.

तेवढ्यात अपूर्वा कोठीच्या बाजूनं आली. पळत नाही, चालत, पण रंग उतरलेला. सरू माझ्यापासून चार ताटांवर जिलबीची परात घेऊन उभी होती. अपूर्वा तिच्याजवळ थांबली. हळू बोलत होती, पण मला सगळं ऐकू आलं. भिंतीपलीकडचं ऐकायची सवय होती मला.

"काकू, काहीच दिसत नाहीये. अगदी काळं. उजेडच मिळालेला नाही त्यांना." तिनं मान फिरवली. "मी इंदुकाकूंना सांगितलं होतं कापड—"

"मी घातलं परत," सरू म्हणाली.

"तुम्ही?"

"कावळे बसत होते. नासतील म्हणून मीच घातलं. मला काय माहीत, बाई."

"बरं," अपूर्वा म्हणाली. "असू दे. मी ट्यूब लावून ठेवते. साधंच बघतील. छानच दिसतं तसंही." ती पुन्हा कोठीकडं गेली. खांदे पडलेले.

सरू आठपासून होमापुढं बसली होती. गच्ची तिनं बघितलीसुद्धा नव्हती. मी वर बघितलं. ती परात घेऊन ताटं ओलांडत माझ्यापाशी आली, वाकली, आणि माझ्या ताटात जिलबी वाढली. एक, दोन, तीन. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

"जेव, इंदे," ती म्हणाली. "पोटभर जेव."

आणि पुढच्या ताटावर गेली. "घ्या की हो, एक तरी घ्या."

मी घास उचलला. तो तोंडापाशी आला आणि तिथंच राहिला. पंचवीस वर्षांत सरू माझ्याशी भांडली होती, अबोला धरला होता, एकदा माझं भांडं दारात आदळलं होतं. पण माझ्यासाठी ती खोटं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तेही कुणासमोर, तर अपूर्वासमोर. म्हणजे तिला अपूर्वापासून मला वाचवावं लागलं.

मी घास ताटात ठेवला आणि उठले.

"अहो, भरल्या ताटावरून?" शेजारची वरपक्षाची आजी म्हणाली. "लग्नाघरी असं उठत नाहीत, बाई."

"इंदाक्का," नसीमभाभीनं माझा पदर धरला. "तू उठलीस तर तूच हरशील. येडी हायेस का?"

"सोड," मी म्हणाले.

उष्ट्या हातानं मी सरळ नवरानवरीच्या ताटापाशी गेले आणि दस्तगीरचा दंड धरला. "लाइट घे. चल."

"अक्का, घास भरवायलीय नवरी. हेच तर घ्यायचं असतं."

"नंतर भरवेल. ती कुठं पळून चाललीय? चल म्हणते ना."

त्याचा दंड माझ्या हातात, लाइट त्याच्या हातात, मागं वायर ओढत त्याचा पोर. उजेड नवरानवरीवरनं सरकला आणि आचाऱ्यांवरनं, पोत्यांवरनं, कोपऱ्यात झोपलेल्या कुणाच्या तरी काकांवरनं गेला. श्रुतीच्या हातात माइक चालूच होता. अख्ख्या कार्यालयात तिचा आवाज आला, "मावशी? त्याला कुठं घेऊन चाललीस?"

पंगतीतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. माझ्या मागं सरूची परातही थांबलेली मी बघितली.

कोठीत अपूर्वा ट्यूबखाली एकटी उभी होती. मी दार लोटलं. "हा लाइट केवढ्याचा?" मी दस्तगीरला विचारलं.

"हजार वॅटचा, अक्का."

"धर यांच्यावर. जवळ. अजून जवळ."

अपूर्वाच्या ध्यानात आलं. ती पलीकडच्या बाजूला गेली, फळी तिरकी धरली. तो लाइट म्हणजे भट्टी. आम्ही एकेका ओळीवर तो फिरवला, बँडवाले, घोडा, दिवेवाल्या बाया. वॉर्निश तापून वास यायला लागला. दस्तगीरचा हात भरून आला तेव्हा मी धरला, माझा भाजला तेव्हा तिनं.

"काकू," ती लाइटच्या पलीकडून म्हणाली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. "तुम्ही ताटावरून उठून आलात?"

"तू त्या घोड्याकडं बघ. त्याच्या पोटाखाली गेला का उजेड?"

"सरूकाकू गच्चीवर गेल्याच नव्हत्या ना?"

"हात दुखतोय माझा. धर आता."

तिनं लाइट धरला आणि घोड्याच्या पोटाखाली वळवला.

पाचेक मिनिटं झाली असतील. अपूर्वा म्हणाली, "बास." दस्तगीरनं लाइट बंद केला, मी ट्यूब बंद केली, पडदा ओढून घेतला. क्षणभर डोळ्यांपुढं नुसते काळेनिळे ठिपके. मग हळूहळू दिसायला लागलं. आधी रस्ता, एक हिरवी रेघ, वळण घेत गेलेली. मग दिवे. माणसं दिसत नव्हती, त्यांच्या डोक्यावरचे दिवे तेवढे दिसत होते, दोन रांगा, आणि मध्ये अधांतरी घोड्याचा साज. बारीक बारीक पदरांचे काठ. तिनं माझ्या जरीच्या काठावरसुद्धा हात मारला होता. काठ बोटभर पण नाही, पण तो पेटल्यासारखा दिसत होता.

"आईशप्पत," दस्तगीर म्हणाला. दोनशे लग्नं बघितलेला माणूस तो.

पडदा हलला. नसीमभाभी होती, हात भाताचे. तिच्या मागं वरपक्षाची ती आजी, हात धरून आणलेली. त्यांच्यामागं दोन मामा. मग श्रुती, मुंडावळ्या बाजूला सारत, नवऱ्याच्या उपरण्याला गाठ असल्यामुळं त्यालाही ओढत. खोलीत जागा संपली. बाहेर माणसं उष्टे हात वर धरून उभी, आत गेलेल्यांना लवकर बाहेर या म्हणून ओरडत. अर्धी पंगत उठली होती.

"उठली, उठली," नसीमभाभी अंधारात म्हणाली. "पण पहिली कोण उठली ते मी बघितलंय."

श्रुतीनं मला शोधून घट्ट धरलं. "मावशी, किती भारी केलंय तुम्ही."

"तिनं केलंय," मी म्हणाले. "माझं स्टेजजवळ आहे. लाल फेटावालं. ते बघू नको."

सगळे परत जागेवर बसेपर्यंत नसीमभाभीनं पैजेची गोष्ट तीन रांगांत पोचवली होती. वरपक्षातनं आवाज यायला लागला, "उखाणा, उखाणा." श्रुतीनं माझ्या हातात माइक दिला. मी पंगतीच्या मध्ये उभी राहिले. डाव्या हातात माइक, उजवा हात भाजलेला आणि उष्टा. माझ्या चौगुल्यांनी शेवटच्या रांगेत मान खाली घातली होती. अपूर्वा कोठीच्या दारात. सरू जिलबीची परात घेऊन खांबाला टेकून.

मी घसा साफ केला.

"जिलबी राहिली ताटात, भात झाला गार,
अपूर्वाचं नाव घेते, कबूल करते हार."

कार्यालय डोक्यावर घेतलं लोकांनी. मामांनी ताटं वाजवली. चौगुल्यांनी हळूच मान वर केली. अपूर्वानं दोन्ही हात तोंडावर धरले होते, हसत होती. नसीमभाभीनं हात वर करून सांगितलं, "फिटली. पैज फिटली."

मी माइक श्रुतीकडं द्यायला पाहिजे होता. ती हात पुढं करून उभी होती. मी दिला नाही. टाळ्या कमी व्हायची वाट बघितली.

"एवढ्यानं भागत नाही," मी म्हणाले. माझा आवाज स्पीकरमधून मला परत ऐकू आला, जरा वेगळाच, दुसऱ्या कुणाचा तरी.

"गच्चीवर उन्हात रुखवत मीच ठेवलं झाकून,
सरूचं नाव घेते, तिनं मला घेतलं राखून."

वरपक्षानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, उखाणा जुळला होता. नसीमभाभीचा वर केलेला हात तसाच राहिला. कोठीच्या दारात अपूर्वानं तोंडावरचे हात खाली घेतले. ती हसत नव्हती, पण तिनं मान दुसरीकडंही फिरवली नाही.

सरूनं परात खाली ठेवली. दोन रांगांमधून, कुणाच्या ताटाला पाय लागू नये म्हणून साडी उचलून धरत, ती माझ्यापाशी आली. लोकांना वाटलं आता हिचा उखाणा. तिनं माझ्या हातातनं माइक घेतला, उलटा करून बघितला, कुठलं बटण ते तिला सापडेना. मी दाखवलं. तिनं तो बंद केला.

"दुसरा कुणी मागितला नव्हता," ती म्हणाली.

"पैजेचा पहिलाच होता," मी म्हणाले. "हा माझा."